सिगारेट, विडी आणि कॅन्सर: औषध दुकानाच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात शहापूर भागात माझं औषधाचं दुकान आहे. माहेर निपाणीचं, त्यामुळे तंबाखूच्या वासातच लहानाची मोठी झाले. डॉक्टरांसमोर जे प्रश्न तोंडातून फुटत नाहीत ते लोक औषध दुकानात विचारतात, तेही दुसरं गिऱ्हाईक निघून गेल्यावर, आवाज खाली घेऊन. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. तपासणीला पर्याय म्हणून हे वाचू नका. पण हे प्रश्न गेली कित्येक वर्षं त्याच शब्दांत येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

सिगारेटने कॅन्सर होतो हे खरंच सिद्ध झालंय, की डॉक्टर नुसते घाबरवतात?

सिद्ध झालंय, आणि तेही आजकालचं नाही. १९५० साली इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी, आणि त्याच वर्षी अमेरिकेत वाइंडर आणि ग्रॅहॅम यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण आणि इतर रुग्ण यांच्या सवयी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. कॅन्सरवाल्यांत सिगारेट ओढणारे कितीतरी जास्त निघाले. तरी शंका उरतेच: आजारी माणूस मागचं आठवून सांगतो, त्यात चूक होऊ शकते. म्हणून १९५१ मध्ये डॉल आणि हिल यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. ब्रिटनमधल्या हजारो डॉक्टरांनाच पत्र पाठवून विचारलं, तुम्ही ओढता का, किती ओढता? आणि मग वाट पाहिली. कोण कशाने दगावतं याची नोंद पन्नास वर्षं ठेवली. २००४ मध्ये आलेला निकाल असा: आयुष्यभर सिगारेट ओढत राहिलेले डॉक्टर न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले.

हे लोक अडाणी नव्हते, उपाशी नव्हते, औषधपाण्यावाचून राहिलेले नव्हते. स्वतः डॉक्टर होते. म्हणून मला हा अभ्यास सगळ्यात पटतो.

१९६४ मध्ये अमेरिकी सरकारच्या सर्जन जनरलनी अधिकृत अहवालात हेच सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९८६ मध्ये तंबाखूच्या धुराला पहिल्या गटात टाकलं. माणसाला कॅन्सर करते हे निश्चित झालेली गोष्ट, असा त्या गटाचा अर्थ.

धूर आत जाऊन नेमकं करतो काय?

पेटलेल्या तंबाखूच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात. त्यातली सत्तरच्या आसपास कॅन्सर करणारी म्हणून ओळखली गेली आहेत: बेंझोपायरीन, तंबाखूतली खास नायट्रोसामाइन्स, बेंझीन, फॉर्मल्डिहाइड, आर्सेनिक, कॅडमियम, इतकंच काय, पोलोनियम नावाचा किरणोत्सर्गी धातूही.

आमच्या शहापूर-वडगावात घरोघरी माग होते, अजूनही आहेत, म्हणून इथल्या माणसाला मी मागाच्या भाषेत सांगते. जेकार्डवर साडीची नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डातल्या भोकांवर चालते. एखाद्या कार्डात चुकीच्या जागी भोक पडलं की पुढे विणलेल्या प्रत्येक साडीत तीच चूक उतरते. आपल्या पेशीतला डीएनए म्हणजे ती कार्डं. बेंझोपायरीन शरीरात गेल्यावर त्याचं रूप बदलतं, ते डीएनएला जाऊन चिकटतं आणि तिथे चूक घडवतं. बहुतेक चुका शरीर दुरुस्त करतं. पण रोज, दिवसातून वीस वेळा, तीस वर्षं मारा चालू राहिला की काही चुका राहून जातात. पी-५३ नावाचं एक जनुक आहे. बिघडलेल्या पेशीला थांबवणं किंवा मारून टाकणं हे त्याचं काम. म्हणजे मागावरचा राखणदारच. बेंझोपायरीन याच जनुकात नेमक्या ज्या जागी चिकटतं, त्याच जागी फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये बिघाड सापडतात, हे १९९६ मध्ये दाखवलं गेलं.

शिवाय श्वासनलिकेच्या आत बारीक केसांसारखे तंतू असतात, ते कचरा आणि कफ वर ढकलत असतात. धुराने ते लुळे पडतात, आणि घाण बाहेर जायच्या ऐवजी आतच थांबते. सकाळी उठल्या उठल्या येणारा ओढणाऱ्यांचा खोकला तिथून येतो.

म्हणजे फुप्फुसाचाच कॅन्सर ना?

नाही. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, जठर, स्वादुपिंड, यकृत, मूत्रपिंड, मूत्राशय, मोठं आतडं, बायकांमध्ये गर्भाशयाचं मुख, आणि रक्ताचा एक प्रकारचा कॅन्सर. मूत्राशयाचं ऐकून लोक चकित होतात. धूर छातीत, मग लघवीच्या पिशवीशी त्याचा काय संबंध? धुरातली विषं रक्तात उतरतात, मूत्रपिंडं ती गाळून लघवीत टाकतात, आणि ती लघवी तासन्‌तास पिशवीत साठून असते. ओढणाऱ्या माणसाच्या लघवीत न दुखता रक्त दिसलं तर गरम पडलंय म्हणून सब्जा पीत बसू नका, दाखवून घ्या.

आमचे आजोबा नव्वद वर्षं जगले, रोज विडीचा कट्टा संपवायचे. त्यांना कुठं काय झालं?

हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. आजोबांना माझा नमस्कार. पण त्यांच्या बरोबरीने पारावर बसून ओढणारे बाकीचे कुठे आहेत, तेही आठवून पाहा. जे पन्नाशीत-साठीत गेले त्यांचं नाव आज कोणी काढत नाही, म्हणून नव्वदीचा एकटाच डोळ्यासमोर उभा राहतो.

फुप्फुसाचा कॅन्सर प्रत्येक ओढणाऱ्याला होत नाही, हे खरं आहे. न ओढणाऱ्याच्या तुलनेत धोका पंधरा ते तीस पट वाढतो. आणि कॅन्सरने गाठलं नाही त्याला हार्ट अटॅक, लकवा, दमा-सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन कायमची धाप लागण्याचा आजार) गाठतात. आयुष्यभर ओढत राहणाऱ्यांपैकी निम्मे तरी शेवटी तंबाखूनेच जातात. रुपया वर उडवून छापा की काटा करायचं, इतकं ते सरळ आहे.

विडी तर पान आणि तंबाखू, सगळं नैसर्गिक. ती सिगारेटइतकी वाईट नसणार ना?

सीमाभागात हा प्रश्न टाळून चालणार नाही. आपल्या निपाणीची तंबाखू विडीची, उन्हात वाळवलेली. सिगारेटची तंबाखू वेगळी, ती कर्नाटकात म्हैसूरकडे, हुणसूर-पिरियापट्टण भागात पिकते. त्यामुळे विडी आपली आणि सिगारेट परक्याची, असा एक जिव्हाळा आपल्या मनात असतोच. माझ्याही घरात होता.

विडीत तंबाखू कमी असते, पण टेंभुर्णीच्या पानातून हवा आत शिरत नाही आणि विडी सारखी विझते. म्हणून ती पेटती ठेवायला जोरजोरात आणि पुन्हापुन्हा झुरके घ्यावे लागतात. परिणाम असा की एका विडीतून मिळणारं निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नसतं, बहुतेकदा जास्तच असतं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, फुप्फुस, या सगळ्यांच्या कॅन्सरशी विडीचा संबंध भारतातल्या अभ्यासांत दिसला आहे. २००८ मध्ये देशभरातल्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास आला. त्यात विडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी आणि विडी ओढणाऱ्या बायकांचं आठ वर्षांनी कमी झालेलं दिसलं. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं दहा वर्षांनी.

दहापेक्षा सहा बरे, असं मला एका काकांनी हिशेब करून सांगितलं होतं. काका, सहा वर्षं म्हणजे नातवाची बालवाडी ते पाचवी.

आणि आपल्या देशात विडी ओढणारेच जास्त आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी ७.७ टक्के विडी ओढत होते, सिगारेट ४ टक्के. पडद्यावर सिगारेटचा इशारा दिसतो म्हणून विडीवाल्यांना वाटतं तो आपल्यासाठी नाही. तो तुमच्यासाठीही आहे.

मी दिवसाला दोन-तीनच ओढतो. चहाबरोबर.

दोन-तीन म्हणजे पंधराच्या तुलनेत कमी, पण शून्याच्या जवळपासही नाही. हृदयाच्या बाबतीत तर दिवसाला एक सिगारेटसुद्धा वीस सिगारेटींच्या निम्म्याइतका जादा धोका देते. कॅन्सरच्या बाबतीत किती ओढता यापेक्षा किती वर्षं ओढता हे जास्त मोजलं जातं. 'दोनच' म्हणत वीस वर्षं गेलेली माणसं मी काउंटरच्या पलीकडे रोज बघते.

फिल्टरची, लाइट, मेन्थॉलची घेतली तर?

काही फरक पडत नाही. फिल्टरला बारीक भोकं असतात, मशीनवर मोजताना त्यातून हवा आत येते आणि आकडे कमी दिसतात. माणूस ओढतो तेव्हा बोटांनी किंवा ओठांनी भोकं झाकली जातात, आणि निकोटीन कमी पडलं की तो नकळत खोल ओढतो. खोल ओढलेला धूर फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातो. मेन्थॉलने घसा थंड वाटतो, त्यामुळे झुरका उलट सोपा होतो.

सिगारेट सोडून आता नुसती तंबाखू मळतो. बरं केलं ना?

घर बदललंत, सावकार तोच. चुना लावून मळलेली तंबाखू, गुटखा, मावा, दाताला लावायची मिसरी, तपकीर, या सगळ्यांत तीच नायट्रोसामाइन्स आहेत. धूर नाही म्हणून फुप्फुस थोडं सुटतं, पण तोंड सापडतं. बिनधुराची तंबाखू आणि सुपारी, दोन्ही कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात आहेत. सुपारी तर तंबाखू नसतानाही.

खानापूर भागातल्या बायका मिसरीला व्यसन मानतच नाहीत. "दात घासतो आम्ही," म्हणतात. दिवसातून चार वेळा दात कोण घासतं, आक्का? गरोदरपणीसुद्धा ती सुटत नाही, आणि बाळ कमी वजनाचं होतं. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्वीइतकं न उघडणं यातलं काहीही दिसलं तर दाताच्या डॉक्टरला दाखवा. तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, हे घरी आरशासमोरही बघता येतं.

तंबाखूबरोबर दारू असेल तर तोंडा-घशाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो.

व्हेप, हुक्का, तुळशीची सिगारेट?

ई-सिगारेटवर देशभर २०१९ पासून बंदी आहे, कर्नाटकात त्याच्याही आधीपासून. हुक्क्याचा धूर पाण्यातून येतो म्हणून धुतला जात नाही. आणि पान तुळशीचं असो की कशाचंही, जाळून ओढलं की डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतोच.

ओढतात आमचे हे, मी नाही. मला काही होईल का?

हे विचारणाऱ्या वैनींना मी नेहमी आत बोलावून बसवते. १९८१ मध्ये जपानच्या हिरायामा यांनी हजारो बायकांची वर्षानुवर्षं ठेवलेली नोंद प्रसिद्ध केली. स्वतः कधी न ओढलेल्या, पण नवरा ओढणारा असलेल्या बायकांत फुप्फुसाचा कॅन्सर जास्त दिसला. पुढच्या अभ्यासांतून हा वाढीव धोका वीस ते तीस टक्के ठरला. लहान मुलांना कॅन्सर दूरची गोष्ट, त्यांना आधी कानदुखी, न्यूमोनिया आणि दम्याचे झटके येतात.

खिडकी उघडून किंवा पंखा लावून भागत नाही. घरात ओढायचं नाही, एवढा एकच नियम उपयोगी पडतो. तो वैनींनी सांगून होत नसेल तर सासूबाईंनी सांगावा. आमच्याकडे आजीने आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं तेव्हाच ते विडी घेऊन परसात गेले.

आमच्या बाईनं कधी विडीला हात लावला नाही, तरी फुप्फुसाचा कॅन्सर कसा?

होतो. न ओढणाऱ्यांनाही होतो, आणि आपल्या देशात अशा बायका कमी नाहीत. बंद स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर, दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर, दूषित हवा, कामाच्या ठिकाणची ॲस्बेस्टॉससारखी धूळ, ही त्याची कारणं. अशा रुग्णांत काही वेळा गाठीत विशिष्ट जनुकीय बदल सापडतो आणि त्यावर गोळ्या लागू पडतात, म्हणून त्या तपासण्या टाळू नका. आणि अशा घरात जाऊन "काय खात होती?" असं विचारू नका. त्या बाईने काहीही केलेलं नसतं.

रोज गूळ खाल्ला की छाती साफ होते म्हणतात.

आपला गूळ गोड आहे, खा. पण गूळ जातो जठरात, आणि डांबर बसलंय फुप्फुसात. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांना संध्याकाळी गुळाचा खडा हातावर ठेवला की मालकालाही पुण्य लागल्यासारखं वाटायचं. त्याऐवजी तोंडाला बांधायला चांगलं फडकं आणि हवेला खिडकी दिली असती तर जास्त उपकार झाले असते. छाती साफ करणारे ते बारीक तंतू धूर बंद झाल्यावर आपोआप कामाला लागतात. म्हणूनच सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला आणि कफ वाढू शकतो. घाबरू नका, तो कचरा बाहेर पडत असतो.

तीन आठवडे खोकला येऊलालाय, एखादं चांगलं सिरप द्या.

पहिली बाटली देते. दुसरी देताना विचारते. तिसरी मागायला आलेल्या माणसाला मी बाटली देत नाही, डॉक्टरची चिठ्ठी आणायला सांगते. त्यामुळे काही गिऱ्हाइकं तुटली, तुटू देत.

यामागे आप्पा आहेत. निपाणीत तंबाखूच्या वखारीत ते आधी पोती उचलायचे, पुढे दिवाणजी झाले. हमाल होते तेव्हा विडी, दिवाणजी झाल्यावर सिगारेट. छप्पन्नाव्या वर्षी खोकला लागला, मग वजन उतरलं. एका दवाखान्यात थुंकी न तपासताच टीबीची औषधं सुरू झाली. चार महिने आम्ही अंडी, दूध, गोळ्या, सगळं वेळच्या वेळी दिलं. आवाज बसला तेव्हा म्हणाले, वखारीत ओरडून बसला असेल. थुंकीत रक्त आलं तेव्हा आम्ही दुसरीकडे नेलं, तिथे सीटी स्कॅन आणि तपासणी झाली. फुप्फुसाचा कॅन्सर, आणि पसरलेला. आवाज बसला होता तो गाठीने स्वरयंत्राच्या नसेवर दाब आल्यामुळे. पुढे आठ महिने होते. मी तेव्हा फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होते, पुस्तकात लक्षणं पाठ करत होते, आणि घरात ती लक्षणं समोर बसून जेवत होती.

टीबी आणि फुप्फुसाचा कॅन्सर, दोन्हींत खोकला, ताप, वजन घटणं, रक्त पडणं दिसतं. आपल्याकडे टीबी जास्त, म्हणून आधी तोच मनात येतो, त्यात गैर काही नाही. पण थुंकीची तपासणी झालीच पाहिजे. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. आणि टीबीची औषधं सुरू होऊनही महिना-दीड महिन्यात उतार पडत नसेल तर पुन्हा विचारा, भांडून विचारा.

दाखवायची वेळ कधी: तीन आठवड्यांवर खोकला किंवा जुन्या खोकल्याचा बदललेला सूर, थुंकीत रक्ताचा धागासुद्धा, तीन आठवडे बसलेला आवाज, गिळताना अडकणं, कारण नसताना उतरलेलं वजन, छातीत किंवा खांद्यात न जाणारं दुखणं, मानेत गाठ.

सुई टोचली, तुकडा काढला की कॅन्सर पसरतो ना?

नाही. या एका समजुतीपायी लोक दोन-दोन महिने घालवतात, आणि पसरतो तो त्या दोन महिन्यांत. तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही, कुठला आहे, कोणतं औषध लागू पडेल, हे कोणालाच सांगता येत नाही.

एक्स-रे काढला, स्वच्छ आहे. आता निर्धास्त?

साध्या एक्स-रेत लहान गाठ निसटू शकते. बरीच वर्षं भरपूर ओढलेल्यांसाठी कमी किरणांचा सीटी स्कॅन असतो. २०११ मध्ये आलेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत अशा स्कॅनने फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू वीस टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडे जुन्या टीबीचे डाग स्कॅनमध्ये गाठीसारखे दिसतात, त्यामुळे मनाने जाऊन स्कॅन करून घेऊ नका, छातीच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. आणि स्वच्छ स्कॅन म्हणजे पुढे ओढत राहायचा परवाना नाही.

पन्नाशी उलटली. आता सोडून काय उपयोग?

ब्रिटिश डॉक्टरांच्या त्याच अभ्यासात हेही मोजलंय. तिशीत सोडणाऱ्याची गमावलेली दहाच्या दहा वर्षं वाचली, चाळिशीत सोडणाऱ्याची नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. सोडल्यावर दिवसभरात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो. फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका दहा वर्षांत साधारण निम्मा होतो. तो शून्य होत नाही, पण ओढत राहणाऱ्याचा मात्र दरवर्षी वरच चढत जातो.

सोडायची कशी? दहा वेळा सोडली.

दहा वेळा सोडलीत म्हणजे दहा वेळा जमलं होतं. सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांना बरेच प्रयत्न करावे लागतात. निकोटीन झुरक्यानंतर दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, त्यामुळे ते सुटणं ही नुसत्या मनाच्या ताकदीची गोष्ट नाही. चिडचिड, झोप न लागणं, भूक वाढणं, लक्ष न लागणं, हे पहिल्या तीन दिवसांत सगळ्यात जोरात असतं आणि तीन-चार आठवड्यांत ओसरतं. तल्लफेची एक लाट काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ काढायचा: पाणी प्या, बडीशेप-लवंग तोंडात टाका, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या.

निकोटीनचं च्युइंगगम आमच्याकडे मिळतं, पण दहातले नऊ जण ते चुकीचं खातात आणि "काही उपयोग नाही" म्हणून परत येतात. ते साध्या गमसारखं सतत चघळायचं नसतं. हळू चावा, झिणझिण्या किंवा तिखट चव आली की थांबा, गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. चव गेली की पुन्हा थोडं चावा. असं अर्धा तास. त्याच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटीन शोषलंच जात नाही. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटत असेल तर चार मिलिग्रॅम लागतं, ते डॉक्टरांना विचारून. नाहीतर दोन मिलिग्रॅम. निकोटीनने सवय लागते, पण कॅन्सर करणारी रसायनं धुरात असतात, त्यामुळे काही आठवडे गम घेण्याला घाबरू नका. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या गोळ्याही आहेत, त्या फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

सरकारची फुकट क्विटलाइन आहे: १८००-११-२३५६. हिंदी-इंग्रजीशिवाय प्रादेशिक भाषांतही बोलतात, आणि नंतर स्वतःहून फोन करून चौकशी करतात. आमच्या एका अण्णांना तो उलटा फोनच कामाला आला. "कुणीतरी विचारणार आहे," एवढ्यावर त्यांनी पहिला आठवडा काढला.

तारीख ठरवा. घरातलं आणि गाडीच्या डिक्कीतलं पाकीट टाकून द्या. खोक्यावर उधारी असेल तर ती आधी चुकती करा, म्हणजे तिकडे जायचं कारणच उरत नाही.

कॅन्सर झालाच आहे. आता सोडून काय?

आता तर नक्की सोडा. ओढत राहिलं तर रेडिएशनचा गुण कमी येतो, ऑपरेशनची जखम उशिरा भरते, आणि दुसरा नवीन कॅन्सर होण्याचा धोका राहतो. घरच्यांनी "आता शेवटची इच्छा" म्हणून पाकीट आणून देऊ नये. तो माणूस उपचार घेतोय.

उपचार कुठे? पैसे?

बेळगावात सरकारी जिल्हा रुग्णालय आहे, केएलईचं मोठं रुग्णालय आहे. हुबळीत नवनगरला कॅन्सरचं रुग्णालय आहे. बंगळूरला किदवई, मुंबईला टाटा. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार बसतात. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकाने त्याला विरोध केला. या वादात रुग्णाचा वेळ जाऊ देऊ नका. ज्या रुग्णालयात जाणार तिथल्या योजनेच्या खिडकीवर आधी विचारा, कोणतं कार्ड, कोणता कागद, कुणाची शिफारस लागते. आधार आणि रेशनकार्डाच्या चार-चार झेरॉक्स बरोबर ठेवा. कागद कन्नडमध्ये असतील आणि वाचता येत नसतील तर आशाताईंना विचारा. लाज कसली?

दुकानासमोर कुणी ओढत असेल तर बोलता येतं का?

येतं. सार्वजनिक ठिकाणी ओढायला २००८ पासून देशभर बंदी आहे. कर्नाटकाने आपला कायदा आणखी कडक केला: दंड दोनशेवरून हजार रुपये, विकत घ्यायचं वय अठरावरून एकवीस, शाळा-कॉलेजच्या शंभर मीटरच्या आत विक्री नाही, आणि सुटी सिगारेट विकायची नाही. सुटीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पोरं पाकीट घेत नाहीत, एक घेतात. आणि पाकिटाच्या ८५ टक्के भागावर छापलेलं ते चित्र सुट्या सिगारेटीवर नसतं.

तंबाखू बंद झाली तर निपाणीच्या माणसानं खायचं काय?

हा प्रश्न मला रागाने विचारला जातो, आणि तो राग मला समजतो. तंबाखूने निपाणीत वाडे उभे केले, आणि तंबाखूनेच बायकांचे हात काळे केले. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी भावासाठी हमरस्त्यावर बसले, गोळीबारात माणसं गेली. माझं शिक्षण वखारीच्या पगारावर झालं. त्या पैशाबद्दल मी कृतघ्न नाही.

पण त्याची किंमत कुणी मोजली तेही बघा. ओल्या पानाची तोडणी करणाऱ्यांना चक्कर आणि उलट्या होतात, कारण निकोटीन कातडीतून आत जातं. वखारीत चाळणी मारणाऱ्या बायका धूळ घेतात, दिवसभर मान मोडून विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर मूल घेऊन तंबाखूत हात घालतात. कॅन्सरचा मोठा धोका पेटवलेल्या आणि तोंडात धरलेल्या तंबाखूचा, पण धुळीनेही छाती जाते. हातमोजे, तोंडाला फडकं, घरी आल्यावर मूल उचलायच्या आधी साबणाने हात धुणं, हे आजपासून करता येतं.

चिकोडी-निपाणी भागात आज ऊस आहे, सोयाबीन आहे. पण ज्याच्याकडे जमीनच नाही, विड्या वळणं हाच ज्या बाईचा रोजगार, तिला "सोड" म्हणणं सोपं नाही. तिला दुसरं काम मिळवून देणं हे सरकारचं काम आहे, आणि ते मागायला मी तिच्याबरोबर उभी राहीन. फक्त तिचा नवरा आणि मुलगा ती विडी ओढतात तेव्हा मला गप्प बसता येणार नाही.

मुलाच्या खिशात पाकीट सापडलं. काय करू?

मारू नका, गल्लीला कळेल असं ओरडू नका. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत सुटणं सगळ्यात सोपं असतं, ती संधी भांडणात घालवू नका. कॅन्सर तीस वर्षांनी होतो म्हटलं तर सतरा वर्षांच्या पोराला तो ऐकूच येत नाही. त्याला आजचं सांगा: तोंडाला येणारा वास, मैदानावर लागणारी धाप, महिन्याला जाणारे पैसे. बाप स्वतः ओढत असेल तर दोघांनी एकाच तारखेला सोडायचं ठरवा. असे एक बाप-लेक गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडून गम घेऊन गेले. पोरगा दोन मिलिग्रॅमचं, बाप चिठ्ठी आणून चारचं. परवा बाप एकटाच आला होता. म्हणाला, "पोराचं सुटलं. माझं अजून एक पाकीट द्या, गमचं."